अक्षरांची कुळे

गोष्ट इ. स. १७६० च्या सुमाराची. बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी लंडनमध्ये राहत होते. वादळात पतंग उडवून वीज पकडणारे म्हणून शाळेतल्या मुलांनाही हे नाव ठाऊक असते. पण या गृहस्थांचा मूळ धंदा छापखान्याचा, आणि पुढे एवढा लौकिक झाल्यावरही मृत्युपत्रात त्यांनी स्वतःची ओळख पहिल्याने मुद्रक म्हणूनच लिहिली. तर एके दिवशी त्यांच्याकडे एक सद्गृहस्थ आले. बोलता बोलता बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल या मुद्रकाचा विषय निघाला. पाहुणे म्हणाले, हा मनुष्य साऱ्या देशाला आंधळे करून सोडणार! त्याच्या टाइपाच्या रेघा इतक्या बारीक आणि चिंचोळ्या, की एक ओळ वाचली तरी डोळे दुखू लागतात. फ्रँकलिन आतल्या खोलीत गेले. विल्यम कॅसलन नावाचा लंडनचा नामांकित टाइप ओतणारा होता, त्याच्या नमुन्याचा कागद त्यांनी काढला, माथ्यावरचा नावाचा भाग फाडून टाकला आणि तो कागद बास्करव्हिलचा म्हणून पाहुण्यांपुढे ठेवला. मला काही दोष दिसत नाही, तुम्हीच दाखवा, म्हणाले. पाहुण्यांनी एकेक टाइप घेऊन बोट ठेवून दोष दाखवले, आणि हे पाहा, आत्तासुद्धा डोळे दुखू लागले, असेही सांगितले. वास्तविक कॅसलनचाच टाइप ते जन्मभर सुखाने वाचत आले होते. पाहुणे ओशाळतील म्हणून फ्रँकलिननी तेव्हा खरे सांगितले नाही. मात्र बास्करव्हिलला पत्र लिहून सगळी हकीकत कळवली.

छापील अक्षर आपण डोळ्यांनी पाहतो अशी आपली समजूत असते. या पाहुण्यांनी कागदाच्या माथ्यावर जे नाव असेल असे त्यांना वाटले ते पाहिले. अक्षरांना नावे देण्याचा, त्यांची कुळे ठरवण्याचा उद्योग गेली पाचशे वर्षे चालू आहे, आणि त्या उद्योगाची कथा चाळू लागले की हे पाहुणे जागोजाग भेटतात. कधी ते विद्वान असतात, कधी राजे. एकदा तर ते बंदूकधारी सत्ताधीशांच्या रूपाने आले.

आधी थोडे अक्षराविषयी. मराठीत आपण ‘मुलाच्या अक्षराला वळण नाही’ असे म्हणतो. वळण हा शब्द फार नेमका आहे. अक्षर तेच, त्याचे काढणे वेगळे. छापील अक्षरालाही असेच वळण असते. एका वळणाचा सबंध संच, म्हणजे सगळी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे मिळून, छापखान्याच्या भाषेत एक टाइप होई. संगणकवाले आता त्याला फॉन्ट म्हणतात. शिशाच्या खिळ्यांच्या दिवसांत एखाद्या छापखान्याकडे असे दहावीस टाइप असले की मालकाच्या बोलण्यात तो अभिमान दिसे. आज शाळकरी पोराच्या फोनमध्ये त्याहून अधिक सापडतील. इतकी गर्दी झाली म्हणजे गट पाडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हजेरीपटावर साठ मुले आली की आम्ही मास्तर मंडळीही पहिल्या आठवड्यातच मनाशी गट पाडून मोकळे होतो, आणि मग वर्षभर त्या गटातून मुलाला बाहेर येऊ देत नाही!

रोमन टाइपाचे गट पाडताना जाणकार मुख्यतः दोन ठिकाणी पाहतात. पहिले म्हणजे अक्षरातला जाडबारीकपणा. इंग्रजी ‘ओ’ घ्या. रुंद टोकाचा टाक उजव्या हातात तिरपा धरून तो काढला, तर गोलाचा सर्वांत बारीक भाग डोक्यावर बरोबर मध्ये न येता जरा डावीकडे सरकतो. गोल कलल्यासारखा दिसतो. टाकाची ही आठवण काही टाइपांत स्पष्ट राहिली आहे, काहींत पुसट झाली आहे, तर काहींत अजिबात उरलेली नाही. दुसरे ठिकाण म्हणजे अक्षराचे पाय. इंग्रजी ‘आय’ किंवा ‘एच’च्या उभ्या रेघेच्या टोकाला लहानशी आडवी बैठक असते, तिला सेरिफ म्हणतात. ती बैठक रेघेतून हळूच बाहेर पडलेली आहे, केसासारखी बारीक आहे, विटेसारखी ठोकळ आहे, की मुळातच नाही, यावरून निम्मी परीक्षा होते. एवढी दोन ठिकाणे ध्यानात ठेवली की पुढची हकीकत समजायला अडचण नाही.

इ. स. १४५५ च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झ गावी गुटेनबर्गने बायबल छापले, ते त्या काळच्या धर्मग्रंथांच्या हस्तलिखितांतली दाट, काळी, टोकदार अक्षरे नमुन्यास धरून. त्याला नवीन वळण काढायचे नव्हते. छापलेले पान हाताने लिहिल्यासारखे दिसावे एवढीच त्याची इच्छा. या कुळाला पुढे ‘गॉथिक’ म्हणू लागले. गॉथ नावाच्या रानटी टोळ्यांशी त्या अक्षराचा काही संबंध नव्हता. इटलीतल्या विद्वानांना आल्प्सच्या पलीकडचे सगळेच रानटी वाटे, तेव्हा तिकडची कमान, तिकडची देवळे आणि तिकडची अक्षरे ही सारीच त्यांच्या लेखी गॉथांची. एका कुळाचे नाव असे शिवीतून आले.

या विद्वानांना स्वतःसाठी वेगळे अक्षर हवे होते. प्राचीन रोमचे वैभव परत आणण्याच्या ध्यासाने ते मठामठांतून जुन्या पोथ्या शोधत हिंडत. तेथे त्यांना लॅटिन ग्रंथांच्या सुबक, मोकळ्या, गोलसर अक्षरांतल्या प्रती मिळाल्या. हीच आपल्या रोमन पूर्वजांची लिपी, असे म्हणून त्यांनी ती उचलली आणि तिला ‘प्राचीन अक्षर’ म्हणू लागले. प्रत्यक्षात त्यांतल्या पुष्कळ प्रती नवव्या शतकाच्या आसपासच्या, शार्लमेन बादशहाच्या काळापासून चालत आलेल्या वळणाच्या होत्या. सिसेरोने ते अक्षर कधी पाहिलेही नसेल. त्या अक्षराचे वळण छापखान्यात आले, १४७० साली व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सन या फ्रेंच माणसाने त्याला असे रूप दिले की आजही टाइप काढणारे त्याच्या पानापुढे थांबतात, आणि जगभर त्याचे नाव पडले ‘रोमन’. म्हणजे एका कुळाचे नाव शिवीतून आले, तर दुसऱ्याचे गैरसमजातून. आपले इंग्रजी वर्तमानपत्र, मुलांचे क्रमिक पुस्तक, रेल्वेचे तिकीट यांवर जे अक्षर दिसते ते या गैरसमजाचेच वंशज होय.

व्हेनिसमध्येच आल्दुस मानुतियुस या पंडित मुद्रकाने १५०१ साली व्हर्जिलची एक लहानशी, हातात मावेल अशी प्रत काढली. तिच्यातली अक्षरे पुढे झुकलेली, सरसर लिहिल्यासारखी होती. इटलीबाहेरच्यांनी त्यांना ‘इटालिक’ म्हटले. आल्दुसचे नाव गाजले. पण ही अक्षरे पोलादाच्या ठशांवर कोरली कोणी? फ्रांचेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराने. आल्दुसचा सुंदर रोमन टाइपही त्यानेच कोरला होता. पुढे दोघांचे बिनसले आणि ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. त्याचे नाव या कथेत पुन्हा येईल. खरे म्हणजे येणार नाही, आणि तेच सांगायचे आहे.

यानंतरच्या जवळजवळ तीन शतकांचा प्रवास मी भराभर सांगतो. पॅरिसमध्ये क्लोद गारामाँने आल्दुसच्या वळणाला अधिक नाजूक केले. १६९२ साली चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत राजाच्या छापखान्यासाठी स्वतंत्र टाइप काढायचे ठरले आणि अक्षराची रचना ठरवण्याचे काम शास्त्रज्ञांच्या समितीकडे गेले. समितीने ते समितीसारखेच केले. प्रत्येक मोठे अक्षर २३०४ बारीक चौकटींच्या जाळीवर आखले! त्यावरून प्रत्यक्ष ठसे कोरायला फिलिप ग्रांजां बसला, तेव्हा त्याने जाळी मानली थोडी आणि आपला डोळा मानला जास्त, म्हणूनच तो टाइप वाचनीय झाला. इंग्लंडात बास्करव्हिलने रेघांतला फरक वाढवला, कागद गुळगुळीत केला, शाई काळीभोर केली. शेवटी अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फिर्मां दिदोने आणि इटलीत पार्मा येथे बोदोनीने टाकाची आठवण पुरती पुसून टाकली. त्यांच्या ‘ओ’चा गोल सरळ उभा, जाड रेघ खांबासारखी, बारीक रेघ केसासारखी. बोदोनीचे पान दिसायला संगमरवरी दरबारासारखे असते. दरबारात फार वेळ बसवत नाही, हे माझे मत; वाचकांचे वेगळे असू शकेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात कारखाने आले, कारखान्यांबरोबर जाहिराती आल्या, आणि रस्त्याच्या पलीकडून वाचता येईल असा आडदांड टाइप लागू लागला. मग नावांचा जो गोंधळ झाला तो ऐकण्यासारखा आहे. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेनंतर युरोपात मिसर देशाचे वेड पसरले होते. १८१६ च्या सुमारास कॅसलन घराण्यातल्या चौथ्या विल्यमने एका ओळीपुरता नमुना छापला. त्यात अक्षरांना पायच नव्हते. त्याने त्याला नाव दिले ‘इजिप्शियन’. त्याच सुमारास विटेसारख्या ठोकळ पायांचे टाइप निघाले, त्यांना एक ओतणारा ‘अँटिक’ म्हणे. थोड्याच वर्षांत ठोकळ पायांच्या टाइपालाच लोक इजिप्शियन म्हणू लागले आणि बिनपायाच्या टाइपाचे नाव हरवले. मग कोणी त्याला ‘सॅन्स सेरिफ’ म्हटले, कोणी ‘ग्रोटेस्क’, म्हणजे विचित्र, हिडीस. जर्मनांनी ग्रोटेस्क हेच नाव पत्करले. फ्रेंच त्याला अँटिक म्हणत. अमेरिकनांनी तर कहर केला. त्यांनी या सरळसोट, उघड्याबोडक्या अक्षराला गॉथिक म्हणायला सुरुवात केली! म्हणजे अमेरिकेत गॉथिक मागितले तर एक वस्तू मिळे आणि लंडनमध्ये मागितले तर अगदी दुसरी. एकाच मुलाला आजोळी एक नाव, घरी दुसरे आणि शाळेत तिसरे, त्यातला हा प्रकार.

हा बाजार आवरण्याचा पहिला नीटनेटका प्रयत्न १९२१ साली फ्रान्समध्ये फ्रांसिस तिबोदो याने केला. हा माणूस प्रत्यक्ष टाइपाच्या धंद्यातला. त्याने फक्त पाय पाहिले आणि चार कुळे केली: त्रिकोणी पायांचे, केसाएवढ्या पायांचे, चौकोनी पायांचे आणि बिनपायांचे. कंपोझिटरला अंधुक उजेडात उपयोगी पडावे असे ते साधे वर्गीकरण होते. त्यात पांडित्य नव्हते. माझ्या मते यापरते दुसरे कोणी कारागिराच्या इतके सोयीचे काही केले नाही.

त्याच्या नंतर आला माक्सिमिल्यां व्हॉक्स. याचे खरे नाव सॅम्युएल मोनो, प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. व्हॉक्स म्हणजे लॅटिनमध्ये आवाज. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ल्युर्स नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. तेथे १९५२ पासून टाइपाच्या वेडाने झपाटलेली मंडळी दर वर्षी जमू लागली, आणि त्या वातावरणात १९५४ साली व्हॉक्सने आपली यादी मांडली. जुनी वेडीवाकडी नावे फेकून त्याने नवीच घडवली. जेन्सनच्या कुळाला ‘ह्युमान’. गारामाँ आणि आल्दुस ही दोन नावे सांधून ‘गाराल्द’. राजाच्या टाइपावरून ‘रेआल’, त्यात बिचारा बास्करव्हिलही गेला. दिदो आणि बोदोनी यांचे ‘दिदोन’. ठोकळ पायांचे ‘मेकान’, बिनपायांचे ‘लिनेआल’, शिलालेखासारखे कोरीव वाटणारे एक कूळ, हाताच्या वळणाची आणखी दोन. नावे कानाला गोड लागतात, याबद्दल वाद नाही. १९६२ साली मुद्राक्षरांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ही यादी थोड्या फेरफारांनी स्वीकारली आणि ती जगभरच्या कलाशाळांत शिकवली जाऊ लागली.

पण ही गोड नावे जरा उलगडून पाहा. गाराल्दमध्ये आल्दुस आहे, ज्याचा छापखाना होता तो. ठसे कोरणारा ग्रिफो नाही. रेआलमध्ये राजा आहे, ग्रांजां नाही. कूळ लागले ते मालकाचे.

आणि कूळ लागणे ही नुसती नावापुरती बाब राहत नाही. याच शतकात, व्हॉक्सच्या यादीच्या अवघी तेरा वर्षे आधी, शेजारच्या जर्मनीत एका वळणाचे कूळ ठरवण्यात आले आणि त्याला जातिबहिष्कृत केले गेले. ही हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी.

युरोपातल्या इतर देशांनी हळूहळू रोमन अक्षर घेतले, पण जर्मनांनी जुने, मोडणीदार, टोकदार वळण सोडले नाही. त्याची श्वाबाखर, फ्राक्टुर अशी वेगवेगळी घराणी होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी माक्सिमिलियन बादशहाने आपल्या हौसेच्या ग्रंथासाठी फ्राक्टुर कोरवून घेतला. ल्यूथरचे बायबल या कुळाच्या अक्षरांत घरोघर पोचले. पुढे नेपोलियनच्या स्वारीनंतर देशाभिमान जागा झाला, तेव्हा हे अक्षर म्हणजे जर्मनपणाची खूणच झाली. रोमन ते फ्रेंचांचे, हे ते आपले. १९११ साली तर या प्रश्नावर थेट त्यांच्या लोकसभेत खडाजंगी झाली. नाझी सत्तेवर आले तेव्हा आरंभी त्यांनीही या अक्षराला डोक्यावर घेतले. १९३७ साली ज्यू प्रकाशकांना ते वापरण्याची मनाई केली. जर्मन अक्षर अ-जर्मनाने का छापावे, असा युक्तिवाद. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती नेहमीच्या वेडाची झाली असती.

३ जानेवारी १९४१ रोजी हिटलरच्या वतीने मार्टिन बोरमान याच्या सहीने एक परिपत्रक निघाले. त्यात म्हटले होते की तथाकथित गॉथिक अक्षराला जर्मन अक्षर समजणे चूक आहे. ती वस्तुतः श्वाबाखर ज्यू अक्षरे आहेत. जर्मनीत छपाई आली तेव्हा ज्यूंनी छापखाने ताब्यात घेतले आणि त्यातून ही अक्षरे शिरली, असा शोधही त्यात लावला होता. यात खऱ्याचा लवलेश नव्हता. त्या काळच्या जर्मन छापखान्यांची दारे ज्यूंना उघडीच नव्हती. पण चार वर्षांपूर्वी जे अक्षर वापरण्याची ज्यूंना बंदी होती, तेच अक्षर एका सकाळी ज्यूंचे ठरले. परिपत्रकाच्या कागदाच्या माथ्यावरचे पक्षाचे नाव मात्र त्याच निषिद्ध अक्षरात छापलेले होते. नवे कागद अजून आले नव्हते! यामागचे व्यवहारी कारण इतिहासकार सांगतात ते असे, की जिंकलेल्या मुलखांतल्या लोकांना ते अक्षर वाचता येत नसे, आणि हुकूम वाचता आला नाही तर पाळणार कसा? खरे कारण सांगायची लाज वाटली, म्हणून कुळाचे कारण पुढे केले.

शाळांतून रोमन वळण सुरू झाले. जुने हस्ताक्षरही गेले. त्यामुळे युद्धानंतर वाढलेल्या पुष्कळ जर्मन नातवंडांना आजीची पत्रे वाचता येईनात. मोडी शाळांतून गेल्यावर आपल्याकडे पेट्यांतले कागद जसे मुके झाले, तसेच ते. फरक एवढाच की मोडीवर कोणी असले किटाळ घेतले नाही. गंमत पाहा, आज युद्धावरच्या सिनेमाच्या भित्तिपत्रकात नाझी दाखवायचे असले की चित्रकार हमखास फ्राक्टुर अक्षर काढतो. ज्यांनी ते बुडवले त्यांचेच ते समजले जाते. फ्रँकलिनचे पाहुणे अजून हयात आहेत म्हणायचे.

युद्ध संपले आणि जर्मनांनी १९६४ साली टाइपांच्या वर्गीकरणाचे आपले राष्ट्रीय प्रमाणपत्रक काढले. व्हॉक्सच्याच धर्तीवर अकरा वर्ग. दहावा वर्ग त्या जुन्या मोडणीदार अक्षरांचा, आणि त्यात बारकाईने पाच पोटवर्ग. बहिष्कृताला अखेर घरात जागा मिळाली, हे चांगलेच झाले. अकरावा वर्ग शेवटचा. त्याचे नाव ‘परक्या लिप्या’. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी, चिनी, आणि आपली देवनागरी, सगळ्या त्या एका खणात. आंतरराष्ट्रीय संघाच्या यादीतही शेवटी असाच एक खण होता, ‘रोमनेतर’. एका देशाच्या जुन्या अक्षराला पाच कप्पे आणि पृथ्वीवरच्या बाकीच्या माणसांना मिळून एक!

आता या खणात डोकावू. मराठीचा आणि छपाईचा संबंध आला तोच परक्या अक्षरातून. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. ओव्या मराठी, अक्षरे रोमन. कारण नागरीचे ठसे नव्हते. नागरी टाइपात मराठी आली ती बंगालमध्ये, श्रीरामपूरला. तेथे पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याचा जावई मनोहर याने केरीसाहेबांसाठी लिप्यांमागून लिप्या कोरल्या. केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथून निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नागरी टाइप सुधारला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा गरीब मुलगा टाइप घासण्याच्या कामाला लागला. त्याने पुढे आपली टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरचा टाइप म्हणजे काय चीज होती, हे ज्यांच्या घरी त्यांच्या जुन्या संस्कृत पोथ्या आहेत त्यांनी आजही उघडून पाहावे. काशीपासून रामेश्वरापर्यंत शास्त्रीपंडित त्या अक्षरावर वाढले. तो टाइप कोरला रणोजी रावजी आरू यांनी. वळणाला नाव मात्र राहिले निर्णयसागर. ग्रिफोला मुंबईत भाऊ भेटला.

या अक्षरांना रोमनची मोजपट्टी लावून पाहा. पाय शोधू गेले तर पायच नाहीत. आपले अक्षर पायावर उभे नसते, ते शिरोरेषेला टांगलेले असते. गोलाचा कल पाहावा तर आपल्या बोरूचा काप रोमन टाकाच्या उलट अंगाचा, त्यामुळे जाडबारीकपणा उलटाच झुकतो. तिबोदोचे चार वर्ग आणि व्हॉक्सची सगळी यादी येथे निरुपयोगी होते. तरी संगणकाच्या यादीत देवनागरी फॉन्टांनाही सेरिफ आणि सॅन्स सेरिफ असे शिक्के मारलेले दिसतात. पाय नसलेल्याला बिनपायाचा म्हणून वेगळे काढणे हा विनोद आहे, पण तो कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या धंदेवाल्यांनी मात्र आपल्यापुरती नावे केव्हाच पाडली होती. खिळे जुळवण्याच्या रीतीवरून डिग्री आणि अखंड. अक्षरांच्या घडणीवरून मुंबई वळण आणि कलकत्ता वळण. मुंबईचा अ, झ, ण निराळा आणि उत्तरेकडचा निराळा. काही आकडेही निराळे. जुन्या हिंदी पुस्तकात आपल्याला अडखळायला होते ते यामुळेच. पुढे अ, झ आणि ण यांची मुंबई वळणे हिंदीनेही प्रमाण मानली. मुंबईच्या सरकारी मुद्रणखात्यात अधिकारी असलेले बापूराव नाईक यांनी १९७१ साली देवनागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा ग्रंथ लिहून हे सारे व्यवस्थित मांडले. त्यानंतर मुंबईच्या आय. आय. टी. मध्येही देवनागरीच्या वळणांचे वर्गीकरण देवनागरीच्याच अंगाने कसे करावे यावर संशोधन झाले. आणि २७ एप्रिल २०२१ रोजी त्या आंतरराष्ट्रीय संघाने व्हॉक्सची यादी अधिकृतपणे मागे घेतली. जगातल्या निरनिराळ्या लिप्यांना सामावणारी नवी रचना करण्यासाठी एक गट नेमल्याचे जाहीर केले. तो शेवटचा खण एकदाचा मोडला. सुमारे साठ वर्षे लागली.

तोवर आपल्या घरात एक वेगळीच भानगड उभी राहिली आहे, आणि ती मला रोज वह्या तपासताना दिसते. मराठी ‘ल’ दोन पाकळ्यांचा, मध्ये देठ असलेला. हिंदी ‘ल’ला उजवीकडे उभा दंड. ‘श’चेही तसेच, आपला देठाचा, त्यांचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणे म्हणून सांगितली. पण संगणकाच्या हिशेबी दोन्ही ल एकच. युनिकोडमध्ये त्यांना एकच क्रमांक आहे. पडद्यावर कोणता उमटावा हे फॉन्ट करणारा ठरवतो. मजकूर मराठी आहे असे कळले तर पाकळीचा ल पुढे करावा, अशी सोय फॉन्टमध्ये ठेवता येते. काही जण ठेवतात, पुष्कळ जण ठेवत नाहीत. म्हणून पाचवीतली मुले पुस्तकातला ल सोडून फोनमधला दंडाचा ल काढू लागली आहेत. मी लाल शाईने तो खोडत नाही. शेजारी पाकळ्यांचा ल काढून ठेवतो, आणि वर्गात वेळ उरला तर मुंबई वळणाची आणि निर्णयसागरच्या आरूंची गोष्ट सांगतो.

दुकानांच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, इतकेच काय पण मराठीच्या अभिमानाच्या फलकांवरही हल्ली दंडाचा ल सर्रास दिसतो. या अंकात कोणता आहे, ते वाचकांनी मुखपृष्ठ आणि आतले एखादे पान पडताळून आपणच पाहावे. दोन्हीकडे एकच असेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.